डाव्या अंगाचे बंद

कँटन, परदेशी वखारींमागची गल्ली
छ्येनलुंग बादशहांचं चौतिसावं वर्ष, दहावा महिना, नऊ तारीख

ताई,

लांबूनच डोकं टेकवतो. बाबांनाही सांग. पण हे पत्र त्यांच्यापुढे मोठ्याने वाचू नकोस, आधी एकटी वाच.

सोबत पेंढ्यात गुंडाळून एक थाळी पाठवली आहे. होडीवाल्याला तीनदा बजावलंय की हिला काही झालं तर तोंड दाखवू नकोस. थाळी होबनची. होबन म्हणजे तोच लालकेशा व्यापारी, जो दर वर्षी आमच्या मालकांच्या दुकानातून माल भरतो आणि ज्याची बडबड आपल्या भाषेत उलटी-सुलटी करून सांगण्याचा पगार मला मिळतो. ही थाळी त्याच्या देशात बनली आहे. तिकडे म्हणे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरतात, कागदावर छापतात आणि तो कागद थाळीवर चिकटवतात. हाताने कोणी काही रंगवत नाही. नक्षी मात्र ‘चिनी’ आहे. हसू नकोस. तो तसं म्हणतो.

त्याच्या देशात सध्या ह्याचं वेडच लागलंय. भिंतींना चिनी कागद, खुर्च्यांच्या पाठींना आपल्या खिडक्यांची जाळी, बागेत चिनी मनोरे. पण त्यांच्या मातीत गरम चहा ओतला की भांडं तडकतं. म्हणून माती आपली, भट्टी आपली, हात आपला, आणि नक्षी ह्या थाळीवरची. सहाशे थाळ्या. पुढच्या हंगामात जहाजं आली की माल तयार हवा.

आता नीट ऐक. गेल्या वर्षीचं आठवतंय ना? त्याने बाईचं चित्र दिलं होतं, अर्ध्या तोंडावर सावली असलेलं. आपल्या कारखान्यातल्या फेंग काकांना वाटलं, बाई काळवंडली आहे. त्यांनी सगळ्या थाळ्यांवर तिचं तोंड धुऊन काढलं. सगळा माल परत आला. मालकांनी मला दुकानाच्या मधोमध उभं करून काय काय ऐकवलं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. ह्या वेळी कुणी शहाणपणा करायचा नाही. सुधारायचं नाही, सजवायचं नाही. ठिपक्याला ठिपका.

मिंगयाओ

ता. क. – आपल्या गेल्या खेपेच्या थाळ्यांबद्दल होबन म्हणाला, छान आहेत, पण पुरेशा चिनी वाटत नाहीत.

∙

जिंगदेझेन
अकरावा महिना, सव्वीस तारीख

मिंगयाओ,

थाळी पोचली. न फुटता पोचली हेच वाईट झालं.

पुरेशा चिनी वाटत नाहीत! अरे, चार पिढ्या आपण निळ्या रंगात हात बुडवून बसलोय, आणि आता आपण चिनी आहोत की नाही हे तो ठरवणार? मी ते वाक्य कारखान्यात वाचून दाखवलं. फेंग काकांनी कुंचला खाली ठेवला आणि तंबाखू ओढायला निघून गेले, ते जेवायच्या वेळेलाच आले.

ही थाळी तू स्वतः बघितलीस का, की नुसती गुंडाळलीस? मनोऱ्याला सहा मजले आहेत. सहा! पाच असतात, सात असतात, नऊ असतात. मनोऱ्याला सम मजले तू जन्मात कुठे बघितलेस? घराला दारच नाही, लोक आत जातात कुठून? कुंपण पाण्यातून निघतं आणि पाण्यातच संपतं. झाडावरची फळं घराएवढी. वर दोन पक्षी, त्यांनी खाली चोच मारली तर माणूसच उचलून नेतील. हे सगळं आमच्या हातून काढून घ्यायचं, वर म्हणायचं ठिपक्याला ठिपका.

बरं, हेही सोड. हसून काढू. पण माणसं बघ. तीनच आहेत: एक काठावर हात वर करून उभा, दोघं होडीत. तिघांच्याही अंगरख्याचे बंद डाव्या अंगाला आहेत. आपण उजवीकडे बांधतो. डावीकडे कोणाचे बांधतात हे तुला सांगायला हवं का? आईला आंघोळ घालून शेवटचे कपडे चढवले तेव्हा मी बांधले होते डावीकडे, तू दारात उभा होतास.

फेंग काका म्हणतात, तांब्यावर कोरलेलं छापलं की उलटं होणारच. आपणही ओला कागद दाबून रेघ उतरवतो तेव्हा उलटतंच की. म्हणून आपण आधी उलटं काढून ठेवतो. हे आपल्याकडे मडकी वाहणाऱ्यालाही कळतं. तिकडे कोणाला कळलं नाही. एवढा मोठा देश, एवढी जहाजं, आणि थाळीवर तीन प्रेतं.

हे मी रंगवून घेणार नाही. बंद उजवीकडे फिरवू दे, बाकीचा मूर्खपणा काढून देते.

तू नववर्षाला येतोयस ना? बाबा विचारत नाहीत, पण रोज होड्यांच्या वेळेला अंगणात खुर्ची टाकायला लावतात.

छाओलान

∙

कँटन
पस्तिसावं वर्ष, पहिला महिना, बारा तारीख

ताई,

नवं वर्ष सगळ्यांना सुखाचं जावो. मी आलो नाही हे तू बघितलंच असशील. शेवटची दोन जहाजं महिनाभर खोळंबली, त्यांचा माल चढवल्याशिवाय मालकांनी हलू दिलं नाही. ह्यात माझा काय दोष?

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. मी म्हणालो सुधारू नका, तर तुम्ही पहिल्या दिवसापासून सुधारायलाच बसलात! मनोऱ्याला सहा मजले आहेत हे मला दिसलं. घराला दार नाही हेही दिसलं. मला डोळे आहेत. पण होबनने थाळीची कड धरून मला चार वेळा सांगितलंय, जशी आहे तशी. त्याच्या देशात ह्या थाळीवरून कोणालाही प्रेत आठवत नाही. तिकडे चमचे बडवत त्यात मांस खातात आणि वर म्हणतात, वा, काय सुंदर चीन! खाऊ देत ना. आपल्याला त्यांच्या ताटात बसायचं नाही.

आज मी बंद फिरवायला हो म्हटलं तर उद्या फेंग काका सातवा मजला चढवतील. मला ओळखता येतात आपली माणसं. फेंग काकांच्या गावची, दूचांगकडची ही मंडळी एकदा खरी नक्षी कोणती ते सांगायला लागली की देवाचंही ऐकत नाहीत.

माझी पत गेल्या वर्षी गेली, ती ह्या खेपेला परत मिळवायची आहे. अकरा वर्षं काढली मी इथे. एवढ्या सहाशे थाळ्या नीट गेल्या तर मालक मला दुकानात भागीदार करून घेतील, तसं त्यांनी बोलून दाखवलंय. तू मोठी आहेस, तू तरी अडवू नकोस.

कामाला लाग. भांडण नंतर कर.

मिंगयाओ

∙

जिंगदेझेन
दुसरा महिना, पंचवीस तारीख

मिंगयाओ,

कामाला कशी लागू? भट्टीवाले अडून बसलेत. कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की हू मास्तरांच्या, म्हणजे आपल्याच, कारखान्यातून सहाशे थाळ्या येणार आहेत, सगळ्यांवर मेलेली माणसं. त्यांनी भट्टीच्या देवापुढे उदबत्त्या लावून शपथच घेतली: असला माल भट्टीत रचणार नाही. एकदा भट्टी बिघडली की गल्लीतल्या वीस कारखान्यांचा माल जातो. मी त्यांना दोष देत नाही. मी तुला देते.

आणि आता जे सांगते ते घाईत वाचू नकोस. तुला पत्रं घाईत वाचायची खोड आहे.

ही सगळी आरडाओरड ऐकून बाबा म्हणाले, आणा ती थाळी इकडे. खुर्ची उन्हात ओढायला लावली आणि थाळी नाकाला टेकेपर्यंत जवळ धरली. हल्ली ते असंच बघतात. एक जेवण शिजेल एवढा वेळ ती फिरवून फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, “छाओलान, हा धक्क्यावरचा खांब बघ. त्यावर काय आहे?”

मी म्हटलं, मधमाश्यांचं पोळं असेल, नाहीतर अळंबी. ह्यांचं काय सांगावं!

“पोळं नाही,” म्हणाले, “टोपी आहे.”

अरे, आपला धक्का आहे तो! तू गेलास त्या वर्षी बाबांनी काढलेली नक्षी. तू होडीत बसलास आणि टोपी खांबावरच विसरलास. बाबांनी ती चित्रात घातली. काठावर हात वर केलेला माणूस म्हणजे ते स्वतः. होडीत तू आणि म्हातारा नावाडी. मागे आपल्या टेकडीवरचा सात मजली मनोरा. तीन वर्षं आपण ती नक्षी काढत होतो आणि सगळा माल कँटनला गेला, तुझ्याच दुकानातून. तू मोजून पेट्यांत भरला असशील. त्यात तू आहेस हे तुला कधी दिसलं नाही. ती थाळी त्यांच्या देशात गेली, त्यांनी ती उलटी कोरली, एक मजला खाल्ला, दार बुजवलं, टोपीचं पोळं केलं आणि ‘चिनी’ म्हणून आपल्यालाच परत पाठवली. मी हसू की त्या होबनच्या नावाने बोटं मोडू?

बाबा मात्र रागावले नाहीत. त्यांनी होडीवर बोट ठेवलं. आपल्या नक्षीत नावाडी काठाकडच्या, म्हणजे होडीच्या मागच्या टोकाला उभा राहून वल्हं मारतो, कारण होडी निघालेली आहे. ह्या लोकांना होडीचं तोंड कुठलं आणि ढुंगण कुठलं तेही कळत नाही. त्यांनी नावाड्याला उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलंय. बाबा म्हणाले, “बघ, होडी परत येतेय.”

मग म्हणाले, सगळं आहे तसं काढा. सहा मजले तर सहा. होडी अजिबात हलवायची नाही. “फक्त त्याला विचार, जिवंत माणसांना प्रेताचे कपडे घालायचे आहेत का. तो नाही म्हणाला तरच बंद फिरवा. मुलाचं काम आहे, त्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही.”

तुझी ती टोपी अजून दाराजवळच्या खुंटीवर आहे. झाडतानासुद्धा कोणी हात लावायचा नाही.

आता उत्तर दे. नीट दे.

छाओलान

∙

मकाव
चौथा महिना, सहा तारीख

ताई,

जहाजं गेली की परदेशी लोकांना कँटनमध्ये राहता येत नाही, म्हणून होबन मकावला येऊन बसलाय आणि मालकांनी मलाही त्याच्यामागे इथे धाडलंय. उकाड्याने जीव जातोय.

विचारलं त्याला. तास घालवला. आधी अंगरखा म्हणजे काय ते सांगितलं, मग बंद म्हणजे काय ते, मग माझ्या अंगावरचे दाखवले, मग आडवं पडून मेल्याचं सोंग केलं. तो पोट धरून हसला. म्हणाला, ह्यांच्या अंगावर बंद आहेत हेच आम्हाला कधी दिसलं नाही. हवे तिकडे बांधा! पाच महिने, ताई. पाच महिने आपण त्या बंदांवरून एकमेकांना बोल लावतोय, आणि त्याला ते दिसलेलेच नाहीत.

तर फिरवा बंद. भट्टीवाल्यांना म्हणावं, सगळे जिवंत आहेत. पण मनोरा मी त्याला मुद्दाम विचारला, तो सहाच मजल्यांचा हवा. सात मजले त्याला ‘विचित्र’ वाटतात.

एक पहिली थाळी भाजून आधी पाठव. होबनने पसंत केली की बाकीच्या थाळ्या जहाजं येईपर्यंत इकडे पाठवा.

धक्क्याचं वाचलं. खरं सांगू, मला ती नक्षी आठवतही नव्हती. पेट्या फार असतात. आणि ती टोपी मला कानावर घट्ट व्हायची, म्हणून मुद्दामच ठेवली असेन. बाबांना हे सांगू नकोस. यंदा जहाजं गेली की येतोच. भागीदारीचं कागदावर आलं की लगेच.

मिंगयाओ

∙

जिंगदेझेन
पाचवा महिना, सत्तावीस तारीख

मिंगयाओ,

“यंदा जहाजं गेली की येतोच.” तुझी पत्रं मी डब्यात ठेवते. हे वाक्य त्यात अकरा वेळा आहे. तुझ्या होबनला सांग तांब्यावर कोरून घ्यायला, दर वेळी लिहायचा तुझा त्रास वाचेल.

थाळी पाठवली आहे. ती बाबांनी स्वतः काढली. रेघ फेंग काकांची आणि रंग दुसऱ्याचा असा आपला कायदा, पण ह्या एका थाळीला त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. तीन वर्षांनी कुंचला धरला. मला, फेंग काकांना, सगळ्यांना मागच्या पडवीतून हाकललं. किती दिवस लागले ते विचारू नकोस. कच्च्या थाळीवर निळा रंग काजळीसारखा दिसतो, त्यामुळे भाजून येईपर्यंत मलाही नीट कळलं नाही, पण भट्टीतून निघाली तेव्हा रंग बघून फेंग काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मजले सहा आहेत, मी मोजले. पक्षी तेवढेच निर्लज्ज आहेत.

बाकीच्या सहाशे आम्ही काढतोय, बंद उजवीकडे घालून. भट्टीवाले खूश आहेत. मी नाही.

बाबा म्हणाले, तुला सांग की थाळी नीट उजेडात बघ. पेटीत भरायच्या आधी.

छाओलान

∙

कँटन
सातवा महिना, आठ तारीख

ताई,

हे तू काय केलंस?

थाळी काल आली. बाबांनी सांगितलं होतं म्हणून मी ती खिडकीशी नेली. होडीत नावाडी आहे, त्याचे बंद उजवीकडे. होडीत मी आहे, माझे बंद उजवीकडे. काठावर बाबा आहेत, हात वर करून. त्यांचे डावीकडे.

एकट्या त्यांचे. फेंग काकांची नजर चुकेल, तुझी चुकेल, पण बाबांचा हात अशा ठिकाणी चुकत नाही. स्वतःचं मरण त्यांना आधी कळलं आणि ते त्यांनी मला सांगितलं. तू नाही सांगितलंस. “किती दिवस लागले ते विचारू नकोस.” म्हणजे हेच ना? ही थाळी भाजून झाली तेव्हा ते होते का तरी? मला माल पुरा करून हवा आहे म्हणून तू लपवलंस? एवढा वाईट समजतेस मला? समजत असशीलच. मी तरी दुसरं काय समजायला जागा ठेवली!

चार जहाजं नदीत उभी आहेत. होबनने थाळी बघितली, कडेच्या जाळीवरून बोट फिरवलं, ‘झकास’ म्हणाला. बंदांकडे बघितलंही नाही. मी तिथेच मालकांना सांगितलं, मी घरी निघालो. मालक म्हणाले, भर हंगामात निघालास तर परत येऊ नकोस. मी म्हटलं, बरं.

चाव्या, माल, होबन हे सगळं त्यांच्या भाच्याच्या गळ्यात घालायला दहा-बारा दिवस लागतील. मग नदीने वर येतो. मेइलिंग घाटाच्या दक्षिण पायथ्याशी विधवा च्वो बाईंच्या खाणावळीत उतरेन आणि तिथून डोंगर चढेन. हे पत्र चहावाल्यांच्या जासुदाबरोबर देतोय. तो वीस दिवसांत पोचतो म्हणतात.

मी सुतकाचे पांढरे कपडे घातलेत. सुतकात लावत नाहीत म्हणून डोक्याला वस्तराही लावलेला नाही. मी येईपर्यंत त्यांना पुरू नका. पुरलं असेल तर मला जागा दाखव आणि मग माझ्याशी बोलू नकोस.

मिंगयाओ

∙

जिंगदेझेन
सातवा महिना, अठ्ठावीस तारीख

श्रीमती च्वो ह्यांच्या खाणावळीत, हू मिंगयाओ ह्यास. पांढरे कपडे घातलेला असेल. हातात द्यावे.

अरे वेड्या,

बाबा जिवंत आहेत!

पहिल्या ओळीत लिहिलं, म्हणजे तू पुढचं घाईत वाचलंस तरी चालेल. जिवंत आहेत, आज सकाळी तांदळाच्या वड्या आणि खारवलेलं मांस खाऊन मिरच्या कमी आहेत म्हणून माझ्यावर ओरडले. तुझं पत्र आलं तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसलेले होते. मी ते तिथेच वाचलं. आणि, देव मला क्षमा करो, जन्मदात्या बापावर ओरडले.

मी म्हटलं, “तुम्ही थाळीवर स्वतःचे बंद डावीकडे काढलेत?”

ते म्हणाले, “होबनच्या थाळीवर कुठे होते?”

“डावीकडे.”

“मग? ठिपक्याला ठिपका.”

“पण आपण फिरवायचे ठरवले होते! दुसऱ्या दोघांचे फिरवलेत की!”

“ते दोघं जिवंत आहेत,” म्हणाले.  मग तोंड दुसरीकडे करून, “काय लिहितो तो? निघाला का?”

कळलं? मुद्दाम केलं म्हाताऱ्याने! सगळं ठरवून केलं! आणि मी मूर्ख. सात महिने बंद बंद म्हणून ओरडले, आणि वेळ आली तेव्हा मनोऱ्याचे मजले मोजत बसले.

आता मी जे लपवलं तेही ऐक. ते मरणाचं नाही. बाबांना दिसत नाही. तीन वर्षं झाली. आधी उन्हात, नाकाला लावून थोडं दिसायचं. ती थाळी काढायला त्यांना एकोणीस दिवस लागले. कुंचला डाव्या हाताच्या नखाला टेकवून अंतर घ्यायचे. मी दाराच्या फटीतून बघत होते आणि तोंडात बाही कोंबून उभी होते. आता उरलंसुरलंही गेलं. उजेड आहे की नाही एवढंच कळतं. मला शपथ घातली होती, त्याला कळवायचं नाही. आपण होऊन यायचा असेल तर येऊ दे, म्हणायचे, आंधळ्याची कीव करायला नको.

अकरा वर्षं मी तुला खरं खरं लिहीत राहिले आणि तू आला नाहीस. त्यांनी कुंचल्याने एक खोटं काढलं आणि तू भरलेली जहाजं सोडून निघालास. मी कोणावर चिडू सांग!

तू चिडशील ते मला माहीत आहे. चिडावंसच. भागीदारी गेली, मालक गेले, वीस दिवस जिवंत बापासाठी सुतक पाळलंस. च्वो बाईंच्या खाणावळीपासून नदी खाली वाहते. प्रवाहाबरोबर दहा दिवसांत कँटनला पोचशील, जहाजं अजून तिथेच असतील, मालकांचे पाय धरलेस तर ठेवूनही घेतील. इथे कोणाला कळणार नाही. तू निघालायस हे मी बाबांना सांगितलेलं नाही. म्हटलं, पत्रात काही कळत नाही, नुसती तक्रार आहे.

म्हणून ठरव तूच. एवढंच सांगते: पुढच्या वेळी बंद डावीकडे बांधावे लागतील ते मला बांधावे लागतील, चित्रात नाही. तेव्हा मी तुला पत्र लिहिणार नाही. तू सहाशे थाळ्या मोजत बस.

छाओलान

∙

मेइलिंग घाटाचा दक्षिण पायथा, च्वो बाईंची खाणावळ
आठवा महिना, बारा तारीख

ताई,

जासुदाने मला खाणावळीसमोरच्या धक्क्यावरच गाठलं. तुझं पत्र तिथेच उभ्याने वाचलं.

आधी हसलो. च्वो बाई घाबरल्या. पांढऱ्या कपड्यातला माणूस असा हसताना त्यांनी बघितला नव्हता. मग इतका संताप आला की सोबत आणलेल्या थाळीची पेटी उघडली, थाळी दगडावर आपटायला हात वर केला. महिनाभर रडवलं त्यांनी मला! होडीत कोणी शेजारी बसत नव्हतं. एका म्हातारीने मला स्वतःचा भात दिला, बापाचं सुतक आहे बिचाऱ्याला म्हणून. तो भात मी खाल्ला, ताई! तिला आता काय सांगू?

थाळी आपटली नाही. उन्हात धरली होती ना, त्यामुळे दिसलं. त्यांची रेघ मी लहानपणापासून ओळखतो, ती कधी हलली नाही. हिच्यात हलली आहे. मनोरा हललाय, पक्षी हललेत, बाबांचा हातही हललाय. नाही हलली ती फक्त होडी. होडीत मी बसलोय तिथली एकही रेघ हललेली नाही. तिथे त्यांनी किती दिवस घातले असतील ते मला विचारायचं नाही, असं तू म्हणाली होतीस. नाही विचारत.

मी बसून राहिलो. होडीवाला दोनदा विचारून गेला, खाली येणार का, जागा आहे. तिसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा मी त्याला हे पांढरे कपडे देऊन टाकले.

न्हाव्याला बोलावलंय. वस्तरा झाला की घाट चढतो. जासूद माझ्या आधी पोचेल, म्हणून हे त्याच्याजवळ देतोय. हे पत्र बाबांपुढे मोठ्याने वाच.

बाबा, तुमच्याशी मी भांडणार आहे. आल्या आल्या, हातपाय न धुता. तोवर अंगरख्याचे बंद उजवीकडेच ठेवा. आणि माझी होडी लागेल त्या दिवशी ताईचा हात धरून धक्क्यावर या, येताना खुंटीवरची टोपी घेऊन या. माझ्या डोक्यावर काही नाही, आणि ऊन फार आहे.

मिंगयाओ